हळू फुंका, हेडमास्तर!

फुंकरकाकांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर माउथ ऑर्गनचं खूळ डोक्यात घेतलं. कुणाच्या माळ्यावरचा, कुणाच्या आजोबांचा, गंजलेला, मुका पडलेला, कसाही आणा. काका तो जेवणाच्या टेबलावर उघडणार, आतल्या सूर काढणाऱ्या पितळी पत्त्या मऊ ब्रशने घासणार आणि त्याला बोलता करूनच परत देणार. न बोलणारा बाजा आपल्या हातून कधी परत गेला नाही, याचा त्यांना भारी ताठा. काकू बिचाऱ्या ताट मांडीवर घेऊन जेवत.

अशात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचा माउथ ऑर्गन बंद पडला. अख्ख्या इमारतीने हुश्श केलं. हा गृहस्थ रोज सकाळी असा फुंकायचा, जणू शेवटच्या बाकावरच्या कार्ट्याला ऐकू गेलंच पाहिजे! बाजा अर्थात काकांकडेच आला.

"हा पुन्हा तसा कोकलला ना," काकूंनी बजावलं, "तर तुमचं दुकान माझ्या टेबलावरून उठलंच म्हणून समजा!"

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. दुरुस्त करावा तर टेबल जातं, न करावा तर अब्रू. काका बराच वेळ डोकं खाजवत बसले, आणि मग गालातल्या गालात हसत कामाला लागले. सूर चोख लावले, आणि एकेक पत्ती दाबून पार खाली आणून ठेवली. अशी पत्ती हलक्या फुंकरीला गोड बोलते, पण जोर केला की गुदमरून गप्प बसते.

हेडमास्तरांनी छाती भरून फुंकलं. फुस्स!

"हळू फुंका, सर," काका साळसूदपणे म्हणाले. "वय झालंय त्याचं."

इमारत शांत झाली, काकू खूश, टेबल शाबूत. आणि एका संध्याकाळी हेडमास्तर तोंड पाडून दारात उभे.

"हळू वाजवल्यावर माझं मलाच नीट ऐकू आलं हो. फारच बेसूर वाजवतो मी. इतकी वर्षं कुणी बोललं नाही! आता बंदच करतो."

म्हातारा अगदी रडवेला झाला होता. काकू लगबगीने पुढे झाल्या.

"छे हो, काहीतरीच! सगळे तुमच्या वाजवण्याची वाट बघतात. हल्ली ऐकूच येत नाही, तर सकाळी करमत नाही बघा!"

"खरं सांगता?" हेडमास्तर खुलले. बाजा टेबलावर ठेवून म्हणाले, "मग द्या बघू पूर्वीसारखा खणखणीत करून!"

काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"करू ना गं?"

"करा मेलं एकदाचं," काकू पुटपुटल्या.