मुलगी बघायला आले, स्पॅनिश ऐकून गेले

मंडळी, माझा राग अजून उतरंना.

आज मंठाळला माझ्या विद्यार्थिनीला, रेखाला, बघायला पाहुणे आले होते. तिच्या अप्पांनी मलाही बोलावलं होतं, तिला स्पॅनिश शिकवणारी मॅडम म्हणून.

पोहे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "ते स्पॅनिश का काय, बोलून दाखव की जरा!"

रेखा माझ्याकडं बघून शांतपणे बोलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माकडाच्या खेळाला वाजवतात तशा.

"काय म्हणायलीय हो, मॅडम?" मुलाच्या वडिलांनी मला विचारलं.

मी तिचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगितलं, "मॅडम, मला हे लग्न करायचं न्हाई. तुम्ही तरी सांगा ह्यांना."

पाहुणे उठून गेले. अप्पा माझ्यावर खेकसले, "खरं कामून सांगितलं? कायतरी गोड सांगायचं की!"

अहो, हेच ती घरात कधीपासून मराठीतून सांगायलीय. तिथंही दुभाषी लागतो का?