चारशे वर्षांपूर्वीचं भांडण, मिल्टन कीन्समध्ये

हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. तीन बायका शिकायला निघाल्या की आजूबाजूची माणसंच ते पुरवतात, तेही न मागता.

२००६ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका लायब्ररीत शनिवारी सकाळी दहा आठवड्यांचा वर्ग निघाला. विषय होता, बायका पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत का आणि त्यांना शिकवावं का, यावर चारशे वर्षांपूर्वी युरोपात झालेले वाद. आम्ही तिघी जायचो. मी, तीस वर्षं इथे राहिलेल्या वैशालीकाकू आणि सरिता. सरिता नागपूरची, इतिहासात एम.ए., फर्स्ट क्लास. पण व्हिसावर तिची ओळख एकच, नवऱ्याची, म्हणजे प्रशांतची, डिपेंडंट. आता ती युनिव्हर्सिटीत शिकवते. तेव्हा प्रशांतच्या शर्टांना इस्त्री करायची.

*

सरिता वर्गाचा फॉर्म भरत असताना प्रशांतने माहितीपत्रक चाळलं आणि म्हणाला, "अगं, यात केक डेकोरेशनचा पण कोर्स आहे."

सरिता म्हणाली, "बघितला मी. शनिवारीच आहे. तुझं नाव घालू?"

*

पहिल्याच दिवशी आमच्या शिक्षिका हेलनने सांगितलं, की त्या काळच्या विद्वानांच्या मते बाईची प्रकृतीच थंड आणि ओलसर. त्यामुळे तिच्या डोक्यात विद्या टिकत नाही.

काकूंनी खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं. "इथे तीस वर्षं काढून बघा म्हणावं. पुरुषांचं पण तसंच होतं."

*

काकूंचा मुलगा इथेच जन्मलेला, मँचेस्टरला मोठ्या हुद्द्यावर. त्याचा मोडक्यातोडक्या मराठीत फोन आला. "मॉम, तुझी वय काय आहे? आता अभ्यास कशाला करते?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "तू ए-लेव्हलला दोनदा नापास झालास, तेव्हा मी विचारलं होतं का, हा अभ्यास कशाला करतो?"

*

मग इथल्या मराठी मंडळाची दिवाळी आली. आम्ही तिघींनी याच विषयावर बोलायची तयारी दाखवली. अध्यक्ष गोखलेकाका पुरोगामी. लगेच हो म्हणाले. आठवड्याने कार्यक्रमपत्रिका हातात पडली. 'स्त्री-शिक्षण : वक्ते, श्री. गोखले.' खाली, 'अल्पोपहार : सरिता, वैशालीताई व इतर भगिनी.' इतर भगिनी म्हणजे मी.

"काका, बोलणार आम्ही होतो ना?" सरिताने विचारलं.

"अगं, विषय गंभीर आहे. लोकांनी ऐकायला हवा. तू फक्त मुद्दे लिहून दे."

सरिता घरी येऊन लिहायला बसली. मग तिने मुद्दे लिहून दिले. सात पानं, सुवाच्य अक्षरात.

काकांनी ती आधी वाचायची तसदी घेतली नाही. हॉलमध्ये दीडशे माणसं. काका भारदस्त आवाजात वाचत गेले, टाळ्या घेत गेले आणि त्याच ओघात सातव्या पानावरचा शेवटचा परिच्छेदही वाचून गेले : "इथपर्यंत आपण जे ऐकलंत, ते सगळं मी, सरिताने, लिहिलं आहे. वाचनाबद्दल मी काकांची आभारी आहे. पुढचं मीच बोलेन."

सरिता हातातला चिवड्याचा डबा माझ्याकडे देऊन स्टेजवर गेली. वीस मिनिटं बोलली. काका शेजारी उभेच राहिले, कारण खुर्ची एकच होती आणि ती कोणी कोणाला द्यायची हे ठरत नव्हतं.

*

शेवटच्या शनिवारी काकूंची गाडी एमओटीला, म्हणजे वार्षिक तपासणीला, दिलेली होती, म्हणून प्रशांतने आम्हाला सोडलं आणि तो गाडीतच पेपर वाचत थांबला.

त्या दिवशी हेलनने निबंध परत दिले. निबंधात स्त्री-शिक्षणाच्या विरोधातला एक उतारा घेऊन त्याला उत्तर द्यायचं होतं. सरिताचा निबंध हेलनने वर्गात वाचून दाखवला. सरिताने जुन्या वळणाच्या इंग्रजीत उतरवलेल्या त्या उताऱ्याचा अर्थ असा : बाईने आवडीपुरतं शिकावं, त्याला हरकत नाही. पण जास्त शिकलेली बाई प्रत्येक गोष्टीवर वाद घालते, आणि मग दमून घरी आलेल्या पुरुषाला शांतता कुठली?

हेलन भारावली होती. "सरिता, तुझ्या पीएचडीच्या अर्जासाठी मी शिफारसपत्र देते. फक्त हा उतारा माझ्या वाचनात कधी आला नाही. इतका अस्सल सतराव्या शतकातला माणूस तुला सापडला कुठे?"

सरिता म्हणाली, "खाली कार पार्कमध्ये आहे. बोलावू?"