उस्तादांचा पेट्रोलचा डबा

मी उज्जैनच्या सरकारी जनाना दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा रियासत जाऊन मध्यभारत झाला होता, आणि दवाखान्याला नुकतीच एक जीप मिळाली होती. लढाई संपल्यावर पलटणीचा माल लिलावात निघाला, त्यातली ती. हिरवा रंग जागोजागी उडालेला, वर ताडपत्री. खेड्यापाड्यांतल्या अडलेल्या बाळंतिणींना आणायला ती वापरायची असं ठरलं होतं. तिच्यावर ड्रायव्हर आणि मी, अशी आमची जोडी लागली.

ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. आधी ते रियासतीच्या मोटारखान्यात होते. विलीनीकरणात मोटारखाना मोडला, मोटारी कुठे कुठे गेल्या आणि उस्ताद आमच्या दवाखान्यात आले. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. माझ्या वडिलांचं मात्र तसं नव्हतं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या रियासतीच्या दफ्तरात कारकुनी करत आलेलं. माधवनगरच्या आमच्या घरात राज्य गेल्याचं सुतक बरीच वर्षं चाललं. त्यात मुलगी नर्स झाली, हे वडिलांना दुसरं दुःख. ते माझ्याशी नोकरीविषयी एक शब्द बोलत नसत. आई डबा भरून द्यायची, तेवढंच.

उस्ताद रोज सकाळी जीपच्या मागे जाऊन उभे राहत. उजवीकडे स्टेपनी, डावीकडे पेट्रोलचा पत्र्याचा डबा. स्टेपनीवर तळहात मारून हवा बघत. डब्याचं झाकण उघडून वास घेत, आतलं रबर नीट बसलंय की नाही ते बोटानं चाचपत. डबा घासून झिजू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी असे. तो काठोकाठ कधी भरत नसत, दोन बोटं जागा ठेवत. उन्हानं पेट्रोल फुगतं म्हणून. मला पहिल्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं होतं, "बाईसाब, टंकी का पेट्रोल सरकार का है. डब्बे का पेट्रोल जच्चा का है." जच्चा म्हणजे बाळंतीण. मी हसले होते.

पौषातली गोष्ट. सकाळी नवाच्या सुमाराला एक माणूस सायकलवरून दवाखान्यात आला. देवासच्या सडकेवरून आत बारा मैलांवर त्याचं गाव. बायको काल सकाळपासून अडली होती. गावच्या दाईनं हात टेकले होते. आम्ही लगेच निघालो. तो मागे बसला, सायकल दवाखान्यातच राहिली. देवास गेटपाशी बसगाड्यांच्या गर्दीत थोडे अडकलो, मग पक्की सडक लागली, आणि आठ मैलांनंतर डावीकडचा कच्चा रस्ता. थंडी होती, आभाळ जरा भरून आलेलं. दोन्ही बाजूंना हरभरा.

कच्च्या रस्त्यानं पाचेक मैल गेलो असू. समोर एक जुनी मोटार आडवी उभी होती. शेजारी तीन माणसं. त्यातला म्हातारा पांढरं धोतर नेसलेला, डोकं नुकतंच भादरलेलं. त्याच्या हातात लाल कापडात बांधलेला लोटा होता. मी बघितलं आणि समजले.

त्याचा तरुण मुलगा गेला होता. अस्थी घेऊन ते उज्जैनच्या रामघाटावर निघाले होते. पंड्याला निरोप धाडलेला, तो तिथे वाट बघत होता. मागून आणलेली मोटार, आणि तिचं पेट्रोल वाटेतच संपलं. बरोबरच्या दोघांनी हात जोडले. म्हातारा नुसता लोटा छातीशी धरून उभा होता, आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

मी उस्तादांना म्हटलं, "डब्बे का दे दो इन्हें."

उस्तादांनी जीप बंद केली नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाईसाब, ये मिट्टी तो रुक जाएगी. जच्चा नहीं रुकेगी."

"टंकी में आने-जाने जितना है ना?"

"सूखी सड़क में है."

"तो फिर?"

त्यांनी वर आभाळाकडे बघितलं. मागे बसलेला तो नवरा काही बोलला नाही. मला आजही वाटतं, त्यानं त्या वेळी "चला" म्हटलं असतं तर मी गेले असते. पण खेड्यातला माणूस, समोर अस्थी, तो काय म्हणणार. तोही खाली उतरून म्हाताऱ्याच्या पाया पडला.

उस्ताद उतरले. त्यांनी डबा काढला आणि मोटारीच्या टाकीत ओतायला लागले. अर्धा ओतून थांबले. मोटार जुनी, पेट्रोल खाणारी. बरोबरचा एक जण म्हणाला, एवढ्यात घाटापर्यंत पोचेल की नाही सांगता येत नाही. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी सगळा डबा रिकामा केला, झाकण लावलं आणि तो जागेवर ठेवून पट्टा आवळला.

आम्ही गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. घरात अंधार, धूर, बायकांची दाटी. मी तपासलं. बाळ आडवं होतं, एक हात बाहेर आला होता. ते माझ्या हातचं काम नव्हतं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाईच ते करू शकली असती. बाई शुद्धीवर होती. वीस-बावीस वर्षांची असेल. तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "मोटर में लगेगा तो नहीं?" मी म्हटलं, धीरे चलाएँगे.

मागच्या भागात गोधड्या पसरून तिला निजवलं. सासू पायाशी, मी उशाशी, नवरा पुढे. निघतो तोच मावठा सुरू झाला. माळव्यात पौषात असा पाऊस कधीमधी येतो. गव्हाला चांगला म्हणून लोक खूश होतात. पण तिथली जमीन काळी. पहिल्या पंधरा मिनिटांत रस्त्याचा चिखल झाला. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उस्तादांनी चारही चाकांचा गियर टाकला. जीप गुरगुरत, डुलत पुढे सरकत होती, माणसाच्या चालीनं. अशा वेळी ती पेट्रोल कसं पिते ते मला ठाऊक होतं. काट्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. उस्ताद बघत होते. त्यांची मान दर थोड्या वेळानं खाली जायची.

मध्येच एका बाभळीखाली काटा घुसून मागचं चाक बसलं. उस्तादांनी पावसात, चिखलात गुडघे टेकून स्टेपनी चढवली. जॅक चिखलात रुतत होता, त्याखाली त्यांनी फळी सरकवली. तेवढा वेळ नवऱ्यानं बायकोवर ताडपत्री धरली होती. ती म्हणत होती, "पाणी". मी कापूस ओला करून ओठांना लावला.

पक्की सडक तीन मैलांवर राहिली असताना जीप दोन आचके देऊन थांबली.

पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. उस्तादांनी रिकामा डबा काढला, वहाणा काढून जीपमध्ये ठेवल्या आणि अनवाणी त्या चिखलातून सडकेकडे पळत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस. डबा त्यांच्या पायाला लागून वाजत होता, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

दीड तास गेला. पहिल्या अर्ध्या तासात ती माझ्याशी बोलत होती. मग एकदम पोटात काहीतरी तुटल्यासारखी ओरडली, आणि तिच्या कळा थांबल्या. मी नाडी धरून बसले. कळा थांबणं म्हणजे काय ते मी शिकले होते. सासूला वाटलं, आराम पडला. ती म्हणाली, "सो गई." मी तिला तसंच वाटू दिलं. नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून सडकेच्या दिशेनं बघत होता. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. हळूहळू ते जड झालं.

उस्ताद कुणाच्या तरी सायकलवरून आले, डबा मागे बांधून. देवासच्या बसच्या ड्रायव्हरनं त्याच्या टाकीतलं पेट्रोल काढून दिलं होतं. उतरले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मग टोपी काढली. नवरा म्हणाला, "अब उज्जैन जाके क्या करना साब. घर छोड़ दो." उस्तादांनी पेट्रोल ओतलं आणि जीप उलटी फिरवली.

डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, पेट्रोल कुणाला दिलं तेवढं सोडून. त्या म्हणाल्या, पिशवी फाटली असणार, तासभर आधी आली असती तर कदाचित. मग थांबून म्हणाल्या, कदाचित नसतीही वाचली. या दोन वाक्यांपैकी कोणतं धरून राहायचं, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

चौकशी झाली. मला सही करायला बोलावलं तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं की राखीव पेट्रोल ड्रायव्हरनं स्वतःच्या मर्जीनं दुसऱ्या गाडीला दिलं. खाली उस्तादांची सही होती, उर्दूत. साहेबांनी विचारलं, "बरोबर आहे?" मी उभी होते. नोकरी लागून सात महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते. घरी वडील वाट बघत होते की मुलगी कधी एकदा हरून परत येते. मी सही केली.

उस्ताद बाहेर जीपपाशी होते. मी विचारलं, "आपने ऐसा क्यों लिखवाया?"

"डब्बा किसके जिम्मे था?"

"बोली तो मैं थी."

"आप बोलीं. खोला तो मैंने." त्यांनी चाकावरचा वाळलेला चिखल काठीनं काढायला सुरुवात केली. "आपकी नौकरी नई है. पक्की हो जाए, फिर बोल देना. बोलना हो तो."

मी कायम झाले. तरी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं म्हणत राहिले. उस्तादांच्या सर्व्हिस बुकात तो शेरा पडला होता. पुढे मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळला, सगळ्या जुन्या राज्यांच्या नोकरांच्या याद्या नव्यानं लागल्या. शेरा असलेली माणसं लांब लांब गेली. उस्तादांना विंध्यातल्या कुठल्यातरी गावी धाडलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. बायको आजारी, ती उज्जैनलाच राहिली. देवास गेटवर मी त्यांना पोचवायला गेले. एक ट्रंक आणि वळकटी. त्यांनी विचारलं, नया ड्राइवर कैसा है. मी म्हटलं, ठीक है. ते म्हणाले, "उसको बोलना, पौष में भरोसा नहीं करना."

दोन वर्षांनी कळलं की ते तिकडेच गेले. तापानं. जवळचं कुणी नव्हतं.

तेव्हा मी अर्ज लिहिला. सरळ, जे झालं ते. पेट्रोल द्यायला मी सांगितलं, ड्रायव्हर नको म्हणत होता, शेरा माझ्या नावावर घ्यावा. तो घेऊन कचेरीत गेले. तिथला बाबू आपल्यातलाच, वडिलांच्या ओळखीचा. त्यानं अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाला, "बाई, हा मी लावू कुठल्या फायलीत? ती फाईल मध्यभारतची. तिचं गाठोडं भोपाळला गेलं की ग्वाल्हेरला, ते कुणालाच माहीत नाही. आणि माणूसही राहिला नाही." तो चांगल्या मनानंच बोलत होता. अर्ज त्यानं घडी घालून माझ्या हातात परत दिला.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. हातातला कागद बघून तिनं विचारलं, कसला गं? मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. आत वडील होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. माझं सांगून झालं तेव्हा आईनं सूप बाजूला ठेवलं.

"तिला आधीचं मूल होतं का?" ती म्हणाली.

"एक मुलगी होती. तीन-चार वर्षांची. आम्ही निघालो तेव्हा भिजत जीपमागे पळत आली होती."

आईनं उठून माझ्यासाठी पाणी आणलं.