भूपालनं आवळलेले बोल्ट

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. आज बोललो नाही तर पुन्हा जीभ रेटायची नाही, एवढंच.

शिवाजी पेठेत माझा फर्निचरचा छोटा कारखाना. पण जीव रमायचा तो जुन्या मशीनांत. भंगारात निघालेली सुतारकामाची बिडाची धुडं हुडकून आणायची, गंज काढायचा, पुन्हा चालती करायची. हे वेड एकट्याला पेलणारं नव्हतं. सोबत भूपाल होता. शेजारच्या गल्लीत त्याचं लेथचं वर्कशॉप. बाजारात न मिळणारा सुटा भाग तो स्वतः कातायचा. पेठेत म्हणायचे — भूपालनं आवळलं म्हणजे आवळलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुरुंदवाडच्या एका बंद लाकडाच्या वखारीत आम्हाला रंध्याचं मशीन सापडलं. पुराच्या गाळात अर्धं रुतलेलं, आमच्या आजोबांच्या वयाचं. ट्रॉलीत घालून आणलं आणि दिवाळीपर्यंत दोघं त्याच्यामागं लागलो. त्यात एक लोखंडी रूळ असतो, त्यावर पाती बसवतात आणि तो भिंगरीसारखा फिरतो. त्याचे सगळे बोल्ट एका संध्याकाळी भूपालनं स्वतः आवळले. "उद्या बोलव की माणसं," म्हणाला.

सकाळी मी एकटाच होतो. मशीन चालू करून एक फळी त्यातून काढून बघितली. तिच्यावर केसाएवढी रेघ उठत होती. कोण बघणार होतं ती? पण मला चैन पडेना. मी बोल्ट ढिले केले, पातं जरासं सरकवलं, पुन्हा आवळायला घेतले — आणि दारात प्लायवूडचा टेम्पो आला. माल उतरवून आत येतोय तोवर माणसं जमलेली, चहा आलेला. राहिलेले बोल्ट तसेच ढिले राहिले.

"मान तुझा," मीच भूपालला म्हणालो. त्यानं बटण दाबलं. आवाज चढत गेला, मग काहीतरी फाटल्यासारखं झालं. सुटलेलं पातं त्याच्या खांद्यात घुसलं होतं.

इथवर चूक म्हणता येईल. मी सांगायला बसलोय ते याच्या पुढचं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "बोल्ट माझ्याकडनंच सैल राहिला न्हवं रं?" शेजारी त्याची बायको. दारात पेठेतली माणसं. शब्द माझ्या ओठांवर होते — होते का खरंच? मी म्हणालो, "असू दे की. हुतंय कवा कवा."

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ — पण मी त्याला माफ केलं! माझ्या चुकीसाठी, त्याला.

खांदा बरा झाला. पण भूपाल आवळलेलं पुन्हा आवळायला लागला. जेवता जेवता उठून वर्कशॉपला जायचा, बघून यायचा. कामं तुंबली, गिऱ्हाइकं तुटली. शेवटी लेथ विकून तो शिरोळला मेहुण्याच्या पंपाच्या दुकानात बसायला लागला. आणि मी? मशीन बघायला येणाऱ्यांना अपघाताची गोष्ट सांगायचो — त्याचं नाव घेऊन.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्याची मुलगी दीपा माझ्याकडं आली. दहावी झालेली. तिला आयटीआयला जायचं होतं, टर्नरच्या ट्रेडला — म्हणजे बापाचंच लेथचं काम शिकायला. भूपाल ऐकत नव्हता. "पप्पा म्हणत्यात, आपल्या घरातल्या हाताला हे काम न्हाय. काका, तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा की."

कारखान्यात आम्ही दोघंच होतो. घाईचं काही नव्हतं. तिनं नीट माझ्याकडं बघितलं, आणि मी फळ्यांची चळत सरळ करायला लागलो.

"बाप सांगतोय ते ऐक, पोरी," मी म्हणालो.

तिनं कॉमर्सला नाव घातलं.