औषधं वाटताना बोलायचं नाही

माहेरी तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सासरी आल्यावर आवाज जरा कमी झाला, पण बंद पडला नाही. सरकारी दवाखान्यात इंचार्ज सिस्टर झाल्यावर तर तो पुन्हा वाढला. अशा बाईने वॉर्डात तोंड बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा आयाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कारण साधं होतं. तिच्या हाताखालची एक सिस्टर इन्सुलिन भरत असताना कुणीतरी एक्स-रेची खोली विचारली. रस्ता सांगण्याच्या नादात तिने दुप्पट औषध भरलं आणि तेच टोचलं. पेशंट वाचला, पण तो शुद्धीवर येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जो तो त्या पोरीला धारेवर धरू लागला. इंचार्ज म्हणाली, पोरगी वाईट नाही, सवय वाईट आहे. औषधांची ट्रॉली दिसली की ज्याला त्याला आपलं गाऱ्हाणं आठवतं: चादर, पंखा, घरी कधी सोडणार.

तिने घरातल्या जुन्या लाल पडद्याचा एप्रन शिवला. औषधं वाटणाऱ्या सिस्टरने तो घालायचा; तो अंगात असेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिनेही कुणाला उत्तर द्यायचं नाही. विचारपूस करणाऱ्यांसाठी दुसरी सिस्टर दाराशी उभी. मोठे डॉक्टर कुरकुरत तयार झाले. लोकांना हा माज वाटेल, एक जरी तक्रार आली तरी हे नाटक बंद, असं त्यांनी बजावलं. नवरा म्हणाला, पडदा गेला तो गेला, निदान एप्रन घरी आणू नकोस.

काही दिवस सुरळीत गेले. मग साखर वाढून सासूबाईच तिच्या वॉर्डात दाखल झाल्या.

सुनेच्या राज्यात पाटराणीसारखी बडदास्त राहील अशी त्यांची समजूत. लाल एप्रन घालून सून ट्रॉली ढकलत आली, तसं त्यांनी पाणी मागितलं. उत्तर नाही. उशी सरळ करायला सांगितली. उत्तर नाही. दारातली सिस्टर पाणी घेऊन धावली, तर तिच्या हातचं यांना नको. सुनेला ऐकू जाईल अशा बेताने त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, घरी हिची जीभ कात्रीसारखी चालते, इथेच दातखीळ बसते. सुनेचे कान लाल झाले, पण नजर सिरिंजच्या रेघांवरून हलली नाही.

नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर फेरीला आले.

"डॉक्टर, ही माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "सख्ख्या सासूला उत्तर देत नाही."

काय प्रकार आहे, असं डॉक्टरांनी सुनेला विचारलं. सगळा वॉर्ड कानात प्राण आणून ऐकू लागला. एका शब्दात भागलं असतं. पण आज साहेबांसाठी नियम मोडला तर उद्या तो कुणासाठीच उरणार नाही, हे ती जाणून होती. तिने सिरिंज उजेडाकडे धरली, रेघ पुन्हा तपासली, सासूबाईंच्या दंडात सुई टोचली आणि ट्रॉली पुढच्या खाटेकडे वळवली.

"मलाही देत नाही हो," डॉक्टर सासूबाईंना म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "ही तक्रार समजू का? तसं असेल तर आजपासून हे बंद करतो."

सासूबाईंनी दंड चोळत सुनेच्या पाठीकडे पाहिलं.

"तक्रार तर आहेच," त्या म्हणाल्या. "पण ती मी घरी करीन. सून माझी आहे, तुम्ही मध्ये पडू नका."

औषधं वाटून झाल्यावर तिने एप्रन खुंटीला अडकवला आणि पाण्याचा पेला घेऊन सासूबाईंच्या खाटेशी आली. मग दोघींचं जे जुंपलं, ते जेवणाची गाडी येऊन गेली तरी थांबेना. पुढच्या औषधांची वेळ झाली, तशी ती उठली. सासूबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. तिने एप्रन गळ्यात घातला आणि पाठीमागे नाडी आवळून बांधली.