बोलवावं लागत नाही, ते सोपं

शिकवायला बसले की ते आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घ्यायचे. थंडी म्हणून नव्हे. समोरचा माणूस चाचपडू लागला की आपला हात आपोआप माउसकडे जातो, तो जाऊ नये म्हणून. "माझा हात गेला की तुमचा थांबतो," असं म्हणायचे. आणि कुणाचं काही चुकलं की शांतपणे, "चूक तुमची नाही, त्याची आहे." तो म्हणजे संगणक.

भोईवाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाला कुणीतरी तीन जुने संगणक दिले होते. ते सुरू करून द्यायला हे घोडपदेवहून चालत आले. एका कचेरीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, एकटेच राहणारे. त्यांनी तिन्ही यंत्रांवर फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टम घातली, मराठीतली. मला वाटलं, काम झालं. त्यांना वाटलं, आता सुरू झालं.

पुढचे दोन महिने ते आठवड्यातून दोनदा येत आणि नुसते बघत बसत. एक वही असे. कोण काय चुकलं ते त्यात नसायचं, कोण कुठे थबकलं ते असायचं. आमच्या वाचक बायका पडद्यावरच्या 'कचरापेटी'ला घाबरतात, हे मी ग्रंथपाल असून कधी पाहिलं नव्हतं. तिच्यात काही टाकायचं म्हणजे ते गेलंच, अशी त्यांची समजूत. ह्यांनी एका सकाळी तो शब्द काढून तिथे 'पोटमाळा' लिहिलं. चाळीतल्या माणसाला पोटमाळा समजवावा लागत नाही. तिथे टाकलेलं वीस वर्षांनीही खाली काढता येतं. त्या दिवसापासून बायकांची भीती गेली.

दाजींची गोष्ट मात्र मला अजून हसवते आणि मग गप्प करते. दाजी लालबागचे, मूळ मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. आपल्या भजनी मंडळाच्या आठवणी ते एका बोटाने टाइप करीत. चार दिवस लिहिलेलं सगळं एकदा नाहीसं झालं. शोधता शोधता कळलं, की जुन्या मजकुराच्या जागी नवा ठेवताना यंत्र विचारतं, 'तुम्हाला खात्री आहे का?' आणि दाजी रोज प्रामाणिकपणे 'नाही' दाबत होते.

"ह्या वयात खात्री कसली गो बाय?" दाजी मला म्हणाले.

मी हसले. शेजारी बसलेले हे हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहून त्यांनी तो प्रश्नच काढून टाकला. लिहिलेलं आपोआप साठत राहील, असं केलं. म्हणाले, "माणसाला ज्याचं उत्तर देता येत नाही, ते यंत्रानं विचारू नये."

आमच्या समितीतल्या एकाने त्यांना विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला, नवीन सिस्टम घेऊ, सोपी असते. त्यांनी सोपी म्हणजे काय, असं विचारलं. तो चित्रं, रंग, वेग असं सांगत राहिला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्याच्यासाठी मला बोलवावं लागत नाही, ते सोपं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जिथे आपला जीव रमतो, तिथली आपली गरज ती स्वतःच्या हाताने कमी करत आणतात. दिवसभरात ज्यांच्याशी चार वाक्यं बोलावीत अशी माणसं त्यांना आमच्याकडेच होती. हे मला कळत होतं. वहीतली एकेक नोंद ते दुरुस्त करीत आणि त्यांची एकेक फेरी कमी होई. दोनदाची एकदा झाली, मग महिन्यातून एकदा. मग यंत्रं इतकी सुरळीत चालू लागली, की यायला निमित्तच उरलं नाही.

एकदा कीबोर्ड बंद पडला म्हणून मी फोन केला. आले, वाकून पाहिलं. वायर निघाली होती.

"दाजी, ही आपोआप निघत नाही," ते म्हणाले.

"मगे काय करू? तुमी येवचेच बंद झालात."

त्यांनी वायर परत लावली. बराच वेळ ती नीट बसली आहे की नाही ते पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बिचाऱ्या यंत्राला कशाला त्रास? चहाला बोलवा. येईन की मी."

मी येत्या शनिवारी नक्की फोन करते म्हटलं. त्या शनिवारी पुस्तकांची मोजणी निघाली. पुढच्या शनिवारी समितीची बैठक होती. त्यानंतरच्या शनिवारांना कारणसुद्धा नव्हतं. नादुरुस्तीसाठी फोन करायला मला कधी संकोच वाटला नव्हता. चहासाठी करायचा म्हटलं की उद्या करू असं वाटे.

दाजींचं लिखाण पुरं झालं. छापून काढलेली पहिली प्रत ह्यांनाच द्यायची, असं दाजींनी ठरवलं होतं. फोन बंद लागला, म्हणून मी प्रत घेऊन घोडपदेवला गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"काका गेले ना. वीस दिवस झाले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत."

कुणी कळवलं कसं नाही, एवढंच मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "कुणाला कळवायचं म्हणून त्यांचा फोन बघितला आम्ही. पण हल्ली कुणाचा फोन आलेलाच नव्हता त्यांना."

परत आले तेव्हा वाचनालयात तिन्ही पडद्यांपुढे माणसं बसली होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. दाजींनी मान वर करून पाहिलं आणि माझ्या हातातली प्रत पाहून मान पुन्हा खाली घातली. मी टेबलाशी बसले आणि गेल्या वीस दिवसांत आपल्याकडे काय काय बिघडलं होतं, ते आठवू लागले. काहीच बिघडलं नव्हतं.