पिवळी टाचणी

नगरपालिकेच्या रस्ते विभागात ती शिकाऊ अभियंता म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी तिच्या हातात टाचण्यांचा डबा दिला. भिंतीवर शहराचा नकाशा होता. अपघातात माणूस गेला की लाल टाचणी, जखमी झाला की पिवळी. पाच वर्षं उलटली की टाचणी काढायची.

"काढायची म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे उपटायची. नाहीतर नकाशाची चाळण होईल." साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बोलणं तिरकस, काम सरळ. "आणि जपून. बोटाला टोचलं तर तुझीही नोंद करावी लागेल."

ती हसली आणि कामाला लागली.

लाल टाचणीला पाच गुण, पिवळीला एक. ज्या दहा जागांचे गुण सर्वांत जास्त, त्यांचं काम त्या वर्षी व्हायचं. कुठं सिग्नल, कुठं कठडा, कुठं गतिरोधक. अकराव्या जागेनं वर्षभर थांबायचं. पाच वर्षं मोजायची ती महिन्याच्या एक तारखेपासून मागं.

पाण्याच्या टाकीच्या चौकात दोन लाल टाचण्या होत्या आणि दोन पिवळ्या. लालपैकी एक तिचे बाबा होते.

हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. अपघातांच्या रजिस्टरात नाव लिहीत नाहीत. पुरुष, वय एकावन्न, पायी, ट्रकची धडक. बस्स. त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. धडक बसली पाच वर्षांपूर्वी, मागच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला. म्हणजे टाचणी निघाली. पण बाबा गेले ते त्यानंतर अकरा दिवसांनी, पाच तारखेला. ते अकरा दिवस ती आणि आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होत्या. ती तारीख धरली तर टाचणी राहत होती.

नियम साफ होता. तारीख अपघाताची धरायची, मरणाची नाही.

बाबांशिवाय चौकाचे गुण सात. बाबांसकट बारा. नऊ जागा केव्हाच ठरल्या होत्या. दहाव्या जागेला चौकाशिवाय एकच दावेदार होता, वखारीजवळचं वळण. त्याचे नऊ गुण.

तिनं तक्त्यात अपघाताची तारीख लिहिली, पंचवीसच्या जागी पाच. पेन एकदाही अडलं नाही. पुढं तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. साहेबांनी तक्ता जरा जास्तच वेळ पाहिला आणि सही केली. वखारीच्या कठड्याचा आराखडा तिनंच काढला होता. चाळीस मीटर, लोखंडी. तो फायलीत परत गेला.

चार महिन्यांत चौकात सिग्नल उभा राहिला.

पाच वर्षं आई त्या चौकाकडे फिरकली नव्हती. बाजारात जायचं तरी मागच्या गल्लीतून वळसा. आता ती लेकीचा हात धरून आली. सिग्नलमधला हिरवा माणूस पेटला. दोघी पलीकडे गेल्या.

"एवढंच होतं होय गं," आई म्हणाली. "एवढ्याशा दिव्याचं काम."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढच्या मंगळवारी पोलिसांचा कागद आला. वखारीजवळचं वळण. स्त्री, वय शेहेचाळीस, पायी, टेम्पोची धडक. शुद्धीवर नाही.

अशा माणसासाठीही नियम होता. तीस दिवसांच्या आत गेला तर लाल, नाहीतर पिवळी. तोवर इस्पितळात रोज सकाळी दहाला फोन करायचा. ते शिकाऊचं काम.

"रस्ते विभाग का?" वॉर्डातली सिस्टर विचारायची. "आहेत. तशाच आहेत."

ती वहीत खूण करायची. मग तिला ती बाई जिथं तिथं दिसायला लागली. चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक बाईत. चेहरा नसायचा, कारण तिनं तो पाहिलाच नव्हता. घरी आई पाठमोरी भाजी चिरत असली की तिला वाटायचं, ही वळली तर भलतीच कोणी असेल. ती आईला हाक मारायचं टाळायला लागली.

"काय गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" आईनं विचारलं.

अकराव्या दिवशी तिला नंबर नीट दाबता आला नाही. बाराव्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तारीख, बाबा, बाक.

साहेबांनी फाइल मिटली.

"तारीख मी पाहिली होती. रजिस्टर काढून ताडूनही पाहिली. पुरुष, वय एकावन्न. आणि समोर तू, पडलेल्या चेहऱ्यानं."

"मग सही का केलीत?"

"मला वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. वळण कुठं पळून जातंय."

तिनं भिंतीवरच्या नकाशातलं वळण पाहिलं.

"आता काय करायचं, साहेब?"

"काय करणार? सिग्नल उपटायचा? वरिष्ठांना मी आज लिहून देतो. सही माझी आहे." ते थांबले. "पुढच्या यादीत वळण येईल. आता गुण भरतील त्याचे."

हे बोलल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

विसावा दिवस. पंचविसावा. आहेत, तशाच आहेत. एकोणतिसाव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "मुलगी असते त्यांची इथं. बाकावर बसून असते. बोलू का म्हणत होती तुमच्याशी. तिला वाटतं, तुम्ही कोणी नात्यातल्याच आहात."

"नको," ती म्हणाली.

तिसाव्या दिवशी बाई जिवंत होती. डोळे उघडले नव्हते. नियमानं प्रकरण संपलं. तिनं डब्यातून पिवळी टाचणी घेतली आणि वळणावर टोचली. वहीतलं पान मिटलं.

एकतिसाव्या दिवशी दहा वाजता तिनं फोन लावला.

"रस्ते विभाग?" सिस्टरला नवल वाटलं. "तुमचं काम कालच संपलं ना, ताई?"

"हो," ती म्हणाली. "त्यांची मुलगी आहे का तिथं?"